शिवारात पोचलेली वाणी : आकाशवाणी आणि यवतमाळ जिल्हा

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघाले की शहर संपते न संपते तोच लोहारा लागते. एकीकडे एमआयडीसीतले कारखाने, दुसरीकडे पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनची वावरे. या पट्ट्यातल्या लोकांना आकाशवाणीचे दोन पत्ते ठाऊक झाले. पहिला मीडियम वेव्हवरचा, ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे नागपूर. दुसरा एफएमवरचा, १०२.७ मेगाहर्ट्झ, म्हणजे खुद्द यवतमाळ. पहिला आवाज दीडशे किलोमीटरवरून यायचा, दुसरा घराजवळून येऊ लागला. या दोन केंद्रांच्या मध्ये चार दशकांहून अधिक काळ गेला. आकाशवाणीने खेड्याला काय दिले आणि काय द्यायचे राहून गेले, याचा बराचसा हिशेब त्या काळातच सापडतो.

संस्थेची सुरुवात मुंबईची. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि देशात नियमित प्रसारणाला प्रारंभ झाला. कंपनी खासगी होती; परवान्यांच्या उत्पन्नावर तिचा खर्च भागेना, आणि तीनच वर्षांत तिने हात टेकले. १९३० मध्ये सरकारने कारभार आपल्याकडे घेतला, १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. तोवरचा रेडिओ हा शहरातल्या सुखवस्तू घरांतला प्रकार होता. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. देशाचे जेमतेम अडीच टक्के क्षेत्र आणि ११ टक्के लोकसंख्या त्यांच्या टप्प्यात होती. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बाजारात पोचत होता, पण मुंबईचा आवाज वऱ्हाडात नीट पोचत नव्हता.

यवतमाळला छापील शब्दाची परंपरा मात्र त्याआधीची. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळहून ‘लोकमत’ साप्ताहिक काढले. पुढे जवाहरलाल दर्डा यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले, आणि १९७१ मध्ये त्याचे नागपूरहून दैनिक झाले. पण वर्तमानपत्राला वाचणारा लागतो. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. खेड्यांत, आणि त्यातही बायकांमध्ये, ती कितीतरी कमी. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत जायचे तर आवाजच हवा होता. नव्या देशाने रेडिओकडे एवढ्या अपेक्षेने पाहिले त्याचे खरे कारण हे आहे.

१६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले. माहिती व नभोवाणी खाते तेव्हा सरदार पटेलांकडे होते आणि नवी केंद्रे भराभर उघडली जात होती. नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी, त्यामुळे केंद्रावर मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा नांदल्या. यवतमाळ जिल्ह्याला आपले म्हणता येईल असे पहिले केंद्र हेच. बातम्या, बाजारभाव, हवामान, भजने, नाटके, शेतीची भाषणे, असा सगळा संसार नागपूरहून येऊ लागला. रेडिओ घ्यायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. ही परवान्याची पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. त्यामुळे बरीच वर्षे गावात एखाददुसरा संच असायचा, आणि ज्याच्या ओसरीवर तो असायचा तिथे संध्याकाळी माणसे जमायची.

माणसे एकत्र बसून ऐकतात, या साध्या गोष्टीतून मराठी मुलखात एक फार मोठा प्रयोग उभा राहिला. त्याची आठवण आज कमी लोक काढतात, म्हणून तो थोडा सविस्तर सांगायला हवा.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने तिथे ‘रेडिओ ग्रामीण मंडळां’चा प्रयोग झाला. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या श्रोतामंडळांवरून घेतलेली. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांनी ती उचलून धरली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली गेली. प्रत्येक गावात वीसएक जणांपर्यंतचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचे. हे आपल्या गावात होईल का? कोणी करायचे? पैसा कुठून आणायचा? चर्चेचा गोषवारा आणि अडलेले प्रश्न निमंत्रक केंद्राकडे पाठवी, आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांना उत्तर मिळे.

या प्रयोगाचे मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि ते काम समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी पाहिले. त्यांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. मंडळे असलेली काही गावे घेतली, आणि तुलनेसाठी मंडळे नसलेली गावे घेतली. त्यांतल्या काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. लोकांना कार्यक्रमांआधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळे असलेल्या गावांतल्या माहितीत झालेली वाढ डोळ्यांत भरणारी होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक किरकोळच पडला. म्हणजे आवाज दोन्हीकडे तोच पोचला होता. फरक पडला तो ऐकल्यानंतर बसून बोलण्याने. मंडळांनी गावात विहिरी, बालवाड्या, जातिवंत वळू, सुधारित कोंबड्या यांसारख्या गोष्टींचे निर्णयही घेतले. ज्यांना ग्रामपंचायतीत कधी तोंड उघडायला मिळाले नव्हते अशा माणसांना या मंडळांत बोलायला जागा मिळाली, हे न्यूराथ यांचे निरीक्षण तर आकडेवारीपेक्षाही मोलाचे.

यवतमाळ या प्रयोगात नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. १९५६च्या त्या उन्हाळ्यात हा जिल्हा मध्य प्रदेशात होता; राज्यपुनर्रचना त्याच वर्षी १ नोव्हेंबरला झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५९ मध्ये ग्रामीण मंडळांची योजना देशभर नेण्यात आली. पण पुण्याच्या प्रयोगातल्या दीडशे गावांना जी काळजीपूर्वक देखरेख मिळाली होती ती हजारो मंडळांना मिळाली नाही. पत्रे येत राहिली, उत्तरे विरळ होत गेली, पुढे स्वस्त ट्रान्झिस्टर घरोघर आला आणि एकत्र बसण्याची गरजही उरली नाही. योजना कागदावर बरीच वर्षे जगली. तिचा जीव मात्र त्या प्रश्नोत्तरांत होता, आणि तो हळूहळू गेला. ही या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत मोठी हुकलेली संधी म्हणायला हवी.

ट्रान्झिस्टरने एक हिरावले तसे दुसरे काही दिलेही. रेडिओ ओसरीवरून उठून वावरात आला, धुऱ्यावर, बैलबंडीत, जागलीच्या मचाणावर. १९६६ पासून आकाशवाणीने निवडक केंद्रांवर ‘शेती व गृह’ विभाग उभे केले. हा काळ संकरित बियाण्यांचा. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, आणि संकरित ज्वारीच्या प्रसारासाठी त्यांनी सरकारी यंत्रणा कामाला लावली होती. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. विद्यापीठात संशोधन, केंद्रावर मुलाखत आणि शिवारात कान, अशी साखळी विदर्भात जुळली. तमिळनाडूत तंजावरच्या शेतकऱ्यांनी तर भाताच्या एका नव्या वाणाला ‘रेडिओ भात’ असेच नाव देऊन टाकले होते, कारण त्याची माहिती त्यांना रेडिओवरूनच मिळाली होती.

शेतीच्या कार्यक्रमात कस कुठे लागतो हे पाहायचे तर फवारणीच्या एका साध्या सल्ल्याकडे पाहावे. विद्यापीठाची शिफारस दहा लिटर पाण्यात अमुक मिलिलिटर अशी असते. शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंप मात्र पंधरा-सोळा लिटरचा. शास्त्रज्ञाने शिफारस वाचून दाखवली तर ती बिनचूक असते, पण ऐकणाऱ्याला त्रैराशिक मांडावे लागते, तेही हातात औषधाचा डबा आणि डोक्यावर ऊन असताना. जाणता निवेदक तिथे शास्त्रज्ञाला थांबवतो आणि विचारतो : मग आपल्या एका पंपाला किती झाकणे? हेक्टरचे एकर करणे, पुस्तकी शब्दाच्या जागी वऱ्हाडी शब्द ठेवणे, ‘कपाशी’ म्हणणाऱ्या पाहुण्यासमोर ‘पऱ्हाटी’ म्हणणे, ही सगळी कामे निवेदकाची. ती नीट झाली की कार्यक्रम शिवाराचा होतो. अशी कामे करणाऱ्यांची नावे स्मरणिकांत सहसा येत नाहीत. त्यांत कायम नोकरीतले थोडे आणि हंगामी निवेदक पुष्कळ असतात.

आकाशवाणीने फक्त शेतीच शिकवली असे नाही. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे, आणि गीते ५६. दर आठवड्याला एक नवे गीत आणि घराघरांत त्याची वाट पाहणारी माणसे, असा योग मराठीत पुन्हा क्वचितच आला. हेच माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्या मांडवातल्या कित्येकांनी त्यांचे पुस्तक हाती धरण्याआधी त्यांचे शब्द रेडिओवर ऐकले असतील.

सरकारच्या छायेतली संस्था म्हणून आकाशवाणीवर जे आक्षेप घेतले गेले तेही इतिहासाचाच भाग आहेत. १९६०च्या दशकात चंदा समितीने स्वायत्ततेची शिफारस केली. ती बाजूला पडली. आणीबाणीत बातम्या म्हणजे सरकारी निवेदने झाली आणि श्रोत्यांचा विश्वास घसरला. त्यानंतर आलेल्या बी. जी. वर्गीज समितीने स्वायत्त न्यास सुचवला. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, पण अंमलात यायला १९९७ उजाडले. मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. प्रसारणलहरी लोकांच्या आहेत हे मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : मग यवतमाळच्या लोकांना त्यावर बोलायला किती मिळते?

या प्रश्नाचे एक उत्तर आकाशवाणीनेच शोधायला घेतले होते. १९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोईलला देशातले पहिले स्थानिक नभोवाणी केंद्र सुरू झाले. राजधानीच्या केंद्राने साऱ्या विभागाशी बोलावे आणि स्थानिक केंद्राने एका जिल्ह्याशी, असा त्यामागचा विचार. कर्मचारी थोडे, स्टुडिओ लहान, आणि ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन गावात जाण्याची मोकळीक. त्या धोरणातून महाराष्ट्रात जी केंद्रे उभी राहिली त्यांत अकोला, चंद्रपूर, नांदेड, बीड, धुळे, सातारा यांच्याबरोबर यवतमाळ आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात या विचाराला फार अर्थ होता. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. इथे वऱ्हाडी बोलली जाते तशी तांड्यांवर गोरमाटी, पोडांवर कोलामी, आणि केळापूर-झरीच्या बाजूला गोंडी आणि तेलुगूही कानावर येते. कोलाम ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. नागपूरहून एका सुरात बोलणारा आवाज या सगळ्यांना सारखाच आपला वाटणे कठीण. जिल्ह्याच्या केंद्रावर आपल्या ओळखीच्या गावाचे नाव ऐकू येणे, आपल्याच बोलीतला माणूस बोलताना ऐकणे, याने ऐकणाऱ्याचे कान टवकारतात.

अडचण आहे ती तंत्राची. एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्याची झेप मनोऱ्यावरून दिसेल तिथवर. लोहाऱ्यात १०२.७ खणखणीत लागते. वणी किंवा उमरखेड शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, मध्ये डोंगररांगा, तिथे ते लागण्याची खात्री नाही. मीडियम वेव्हचा आवाज खरखरीत असला तरी दूर जाई. एफएम आले आणि मीडियम वेव्ह मागे पडले, या बदलात जिल्ह्याच्या कडेची गावे, म्हणजे ज्यांना माहितीची सर्वांत जास्त निकड आहे तीच, टप्प्याबाहेर राहण्याचा धोका आहे. मोबाइलवरच्या ॲपने हा प्रश्न सुटला असे सांगितले जाते. पण जिथे नेटवर्कच धड नाही तिथे ॲप काय करणार?

माहिती वेळेवर, समजेल अशी आणि योग्य माणसापर्यंत पोचली नाही तर काय होते, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये सोसले. त्या पावसाळ्याच्या अखेरीस कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर-तोंडावर येत होता. किडींचा जोर होता, म्हणून दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. हातमोजे, मुखपट्टी यांचा पत्ता नव्हता. पुढे विशेष तपास पथक नेमले गेले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर राज्याने तात्पुरती बंदी घातली.

त्या हंगामात सूचना नव्हत्या असे नाही. प्रत्येक डब्यावर विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. सोबत घडीचे माहितीपत्रक असते, बारीक अक्षरातले. पण डबा विकत घेतो शेतमालक, आणि फवारणी करतो बहुधा रोजाने आलेला मजूर. त्याच्या हातात भरलेला पंप येतो. त्रिकोणही नाही आणि पत्रकही नाही. या माणसापर्यंत छापील कागद पोचत नाही. त्याच्या खिशातल्या मोबाइलवर सकाळी कामावर निघताना लागलेला रेडिओ पोचू शकतो, तोही त्याच्या बोलीत आणि रोज. वारा येतो त्या दिशेला पाठ करून फवारा, उपाशीपोटी फवारू नका, मळमळ वाटली तर कपडे बदलून तडक दवाखाना गाठा आणि डबा सोबत न्या : एवढी चार वाक्ये जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत न थकता सांगत राहणे, हे सार्वजनिक माध्यमाचे काम आहे. जाहिरातीवर चालणारे माध्यम ते करणार नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. अफवा मोबाइलवरच्या संदेशांतून पसरली होती. ज्या भागात खात्रीचा, रोजचा, ओळखीचा आवाज नसतो तिथे अशा संदेशांना मोकळे रान मिळते. बातमी खरी की खोटी हे विचारायला गावाजवळ कोणीतरी हवे, आणि त्याच्यावर लोकांचा विश्वास हवा. असा विश्वास संकटाच्या दिवशी उभा करता येत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचे बिनचूक बाजारभाव आणि हवामानाचे अंदाज असावे लागतात.

संकटात असा ओळखीचा आवाज काय करू शकतो ते करोनाच्या काळात, २०२० मध्ये, नागपूर केंद्राने दाखवले. शाळा बंद होत्या, ऑनलाइन वर्ग सुरू होते, पण ज्या घरात एकच साधा फोन आणि तोही बापासोबत कामावर, तिथल्या मुलांनी काय करायचे? विभागीय प्रशासन आणि ‘प्रथम’ संस्था यांच्या सहकार्याने आकाशवाणी नागपूरवर ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू झाली. गाणी, गोष्टी, घरातल्या वस्तू घेऊन करायचे खेळ आणि गणिते, असे तिचे स्वरूप. खेड्यातली मुले आईवडिलांसोबत, कुठे शिक्षक आणि स्वयंसेवकांसोबत, रेडिओभोवती बसली. त्याच वर्षी सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका आली. १९५६च्या मंडळांनी जे दाखवले होते तेच इथे पुन्हा दिसले : कार्यक्रमाभोवती माणसे बसली, हाताने काही केले, बोलली, तेव्हा शिकणे झाले. शैक्षणिक कार्यक्रमांसाठी १९८४ पासून पुण्यात चालवलेली ‘बालचित्रवाणी’ ही संस्था राज्याने २०१७ मध्ये बंद केली होती. तीनच वर्षांनी तिची उणीव अशी जाणवावी, याची हळहळ वाटते.

श्रोत्यांनाही आपल्या केंद्राची किंमत कळते. २०२३च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा निर्णय झाला तेव्हा पुण्यातून एवढा विरोध झाला की तो थांबवावा लागला. पुण्यामागे मोठे शहर आहे, वर्तमानपत्रे आहेत, आवाज उठवणारी माणसे आहेत. लहान केंद्रांचे तसे नाही. एका ठिकाणचा कार्यक्रम अनेक केंद्रांवरून सहक्षेपित करण्याकडे कल वाढला की खर्च वाचतो, पण जिल्हा केंद्राचा स्वतःचा वेळ आक्रसतो. तेव्हा त्याबद्दल बोलणारे फारसे कोणी नसते.

भारतातल्या नियमित प्रसारणाला जुलै २०२७ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतील. त्यानिमित्ताने यवतमाळच्या वाट्याला समारंभाऐवजी तीन गोष्टी आल्या तर बरे. वणी, पुसद, उमरखेडच्या बाजूला १०२.७चा कार्यक्रम स्वच्छ ऐकू येईल अशी सहक्षेपण यंत्रणा. कोलामी, गोंडी आणि गोरमाटीत बोलणारे, त्या त्या वस्तीतलेच निवेदक, आणि त्यांना वेळेवर मानधन. आणि आठवड्यातला एक ठरलेला तास, ज्यात कृषी विभाग, आरोग्य विभाग आणि महावितरणचा जबाबदार अधिकारी स्टुडिओत बसेल, गावाचे नाव सांगून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देईल, आणि मागच्या आठवड्यातल्या प्रश्नाचे पुढे काय झाले तेही सांगेल. पुणे केंद्राच्या प्रयोगातल्या दीडशे गावांसाठी हे १९५६ मध्ये पत्रांवर चालले होते. आता तर लोहाऱ्याच्या वावरातून थेट फोन लागतो.